हनुवटीची सर्जरी: फॉर्मवर सही करायच्या आधी नेमकं काय समजून घ्यायचं?

साईड_प्रोफाइल

नमस्कार मंडळी, विषय जरा नाजूक आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितेय. माझी हनुवटी पहिल्यापासून मागे आहे. समोरून फारसं कळत नाही पण बाजूने फोटो आला की ओठाखालून डायरेक्ट मानच सुरू झाल्यासारखी दिसते. बरीच वर्षं मनात होतं, आता पैसे साठलेत, घरच्यांनाही सांगून झालंय, म्हणून दोन सर्जनना भेटून आले.

पहिले म्हणाले सिलिकॉनचं इम्प्लांट बसवू, छोटंसं काम आहे, आणि नाहीच आवडलं तर काढून टाकता येतं, टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले इम्प्लांट नको, तुमचंच हाड कापून पुढे सरकवू आणि प्लेट-स्क्रूने फिक्स करू, जेनिओप्लास्टी म्हणतात त्याला. दोघंही चांगले बोलले, कोणी घाई केली नाही. पण धोक्यांचं विचारलं की दोघांचं उत्तर तेच, फॉर्म पुढे करायचे आणि त्यावर एका ओळीत लिहिलेलं "सूज, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बधिरपणा, असमानता, इतर". आता बधिरपणा म्हणजे दोन आठवडे की जन्मभर? कुठे? असमानता म्हणजे मला आरशात दिसेल एवढी की फक्त डॉक्टरला दिसेल एवढी? आणि ते शेवटचं "इतर" काय आहे? मला घाबरवून घ्यायचं नाहीये, करायचं जवळजवळ ठरलंय, फक्त ज्याला हो म्हणतेय ते काय आहे हे कळायला हवं. कोणी केलंय का? किंवा या क्षेत्रातलं कोणी आहे का इथे?

झोपलेला_ओठ

केलंय ताई, हाडवालंच. आयडीवरून अंदाज आला असेल.

बधिरपणाबद्दल सांगतो कारण मला पण कोणी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं म्हणजे शब्द सांगितला होता, अनुभव नाही. दाताच्या डॉक्टरकडे खालच्या दाढेला इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा जाड आणि परका वाटतो ना, तस्सं. फक्त ते चार तासांत उतरतं आणि हे उतरत नाही. खालचा ओठ, हनुवटीची कातडी आणि समोरच्या दातांची हिरडी एवढा भाग. ओठ हलतो, बोलता येतं, हसता येतं, बाहेरून बघणाऱ्याला काही कळतही नाही, पण तुम्हाला स्वतःला तो जाणवत नाही. मग होतं काय की जेवताना काहीतरी हनुवटीला लागलेलं असतं आणि समोरचा खुणा करत असतो. गरम पिताना अंदाज चुकतो आणि भाजतं, आणि भाजलं हे पण उशिरा कळतं. दाढी करताना कापलं तर रक्त आरशात दिसतं, आधी कळत नाही. झोपेत ओठ चावला जायचा ते वेगळंच.

हळूहळू मुंग्या यायला लागल्या, करंट लागल्यासारखं, मधूनच खाज यायची आणि खाजवावं तर खाजवल्याचं कळत नाही, वैताग नुसता. सर्जन म्हणाले हे चांगलं लक्षण आहे, नस जागी होतेय. उजवी बाजू पूर्ण आली. डाव्या ओठाच्या कडेला एक नखाएवढा पट्टा अजून बधिर आहे आणि आता तो तसाच राहील असं दिसतंय. सवय झाली. परत करशील का विचारलंत तर हो, मी खूश आहे. पण "बधिरपणा" हा एक शब्द वाचून सही करणं वेगळं आणि हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून करणं वेगळं.

अजून एक, सुरुवातीला सुजेमुळे हनुवटी इतकी मोठी दिसते की आपण हे काय करून बसलो असं वाटून रडू येतं. मला पण आलेलं. त्या दिवसांत आरशावरून काही ठरवू नका. बरीचशी सूज काही आठवड्यांत जाते पण फायनल आकार कळायला सहा महिने तरी लागतात, कधी कधी वर्ष.

जबड्याचा_माणूस

मी ओरल अँड मॅक्झिलोफेशियल सर्जन आहे, म्हणजे तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांची ऑपरेशन करतो. ताई, तुम्हाला तपासलेलं नसल्यामुळे तुमच्याबद्दल मत देणार नाही, पण फॉर्मवरची ती एक ओळ उलगडून सांगू शकतो. लांबेल, बसून वाचा.

आधी नस. खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंनी एक एक नस पुढे येते आणि साधारण उपदाढांच्या मुळांखाली एका छोट्या भोकातून बाहेर पडते. ही मेंटल नर्व्ह. ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्याकडे असते, हालचाल नाही, म्हणूनच वरच्या दादांचा ओठ हलत होता पण जाणवत नव्हता. आता गंमत अशी की ही नस भोकातून बाहेर येण्याआधी बऱ्याच लोकांमध्ये हाडाच्या आतच थोडी खाली आणि पुढे जाऊन वळसा घेते. त्यामुळे हाड कापताना भोकाच्या बरोबर खालून कापलं तर नस तुटू शकते. साधारण ५ ते ६ मिलिमीटर अंतर सोडून खालून काप घ्यायचा असतो, आणि सुळ्यांची मुळं खूप लांब असतात तर त्यांच्यापासूनही तेवढंच लांब राहायचं, नाहीतर दात मरू शकतो. हे सगळं आधी एक्स-रेवर मोजतात, ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) आणि सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूचा एक्स-रे) तरी हवाच, शंका असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. तुमच्या सर्जनना विचारा, माझी नस कुठे आहे ते एक्स-रेवर बोट ठेवून दाखवा. दाखवणाऱ्याला अर्धा मिनिट लागतो.

नस न तुटताही ताणली जाते, कारण जागा करायला ती बाजूला ओढावी लागते. म्हणून तात्पुरता बधिरपणा ही गुंतागुंत म्हणण्यापेक्षा ऑपरेशनचाच भाग समजा, बहुतेकांना तो काही आठवडे ते काही महिने असतो. कायमचा राहणारे कमी, पण ते असतात, आणि आपण त्यांच्यात असणार की नाही हे आधी कोणीच सांगू शकत नाही. फार थोड्या लोकांना बधिर होण्याऐवजी तिथे जळजळ किंवा दुखणं राहतं. ते बधिरपणापेक्षा जास्त त्रासदायक.

दुसरी गोष्ट स्नायू, आणि याबद्दल फॉर्ममध्ये क्वचितच लिहिलेलं असतं, तुमचं "इतर" बहुतेक हेच. हनुवटीवर मेंटॅलिस नावाचा स्नायू आहे, खालचा ओठ वर धरून ठेवायचं काम त्याचं. तोंडाच्या आतून काप घेतला की तो कापावाच लागतो आणि शेवटी परत नीट उचलून शिवावा लागतो. तो शिवताना हलगर्जीपणा झाला तर हनुवटीचं मांस खाली लोंबतं, खालचा ओठ उतरतो, तोंड नुसतं उघडं असताना खालचे दात दिसायला लागतात आणि ओठ मिटायला जोर लावावा लागतो. हे दुरुस्त करता येतं पण पहिल्यासारखं सोपं नसतं. इम्प्लांट असो नाहीतर हाड, तोंडातून काप असेल तर हा धोका दोन्हीकडे आहे. हनुवटीखालून काप घेऊन इम्प्लांट बसवलं तर स्नायूला कमी धक्का लागतो आणि तोंडातल्या जंतूंशी संबंध येत नाही, पण बाहेर बारीक व्रण राहतो. कुठून आत जाणार हे विचारून घ्या.

बाकी हाडाच्या ऑपरेशनमध्ये जबड्याच्या खालच्या कडेला, जिथे काप संपतो तिथे, पायरी किंवा खाच हाताला लागू शकते, बारीक चेहऱ्यात दिसूही शकते. हाड पुढे नेलं की ओठ आणि हनुवटीमधली घळ खोल होते, काहींना ती शोभते आणि काहींना म्हातारपण आल्यासारखं दिसतं. दुर्मिळ पण गंभीर म्हणजे जिभेखालच्या बाजूला आत रक्तस्राव होऊन जीभ वर ढकलली जाणं, त्यात श्वास अडकू शकतो. म्हणून हे ऑपरेशन कुठे होणार, रात्री तिथे डॉक्टर असतो का, हा प्रश्न मी सर्जनच्या फोटो-अल्बमपेक्षा वर ठेवेन.

आणि सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तुमचे दात नीट मिटतात का? वरचे दात खालच्यांच्या खूप पुढे आहेत का? कारण हनुवटी मागे आणि अख्खा जबडाच मागे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जबडा मागे असेल तर हनुवटी पुढे केल्याने बाजूचा फोटो सुधारेल पण दातांची मिटणी आहे तशीच राहणार.

गपगुमान_राहा

निसर्गाने दिलंय त्यात समाधान मानायला काय होतं? चेहऱ्यावर सुरी चालवून घ्यायची हौस. आजकाल सगळ्यांना फोटोत चांगलं दिसायचंय.

साईड_प्रोफाइल

@गपगुमान_राहा दादा, करू की नको हे मी विचारलेलंच नाही, करताना काय होऊ शकतं ते विचारलंय. जाऊ दे.

@झोपलेला_ओठ खूप आभार, इतकं मोकळेपणाने कोणीच सांगितलं नव्हतं. @जबड्याचा_माणूस सर, वरचे दात पुढे आहेतच थोडे. लहानपणी तार लावायला सांगितली होती, लावली नाही. दोघांपैकी एकाही सर्जननी तोंड उघडून दात बघितले नाहीत हे आत्ता तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. एक सांगा, इम्प्लांट मला बरं वाटत होतं ते फक्त एवढ्यासाठी की ते काढता येतं. हाड कापलं की कापलं ना. तसा विचार बरोबर आहे का?

परत_मूळपदावर

ताई याला मी उत्तर देते कारण मी बसवूनही झालंय आणि काढूनही झालंय.

काढता येतं हे खरं आहे. पण काढल्यावर तुम्ही आधीसारख्या होत नाही, हे कोणी सांगत नाही. माझं इम्प्लांट एका बाजूला सरकलं होतं, हसल्यावर त्याची कड दिसायची. मग काढलं. आता आतली वस्तू गेली पण तिच्यासाठी ताणलेली कातडी तिथेच राहिली. हनुवटी थोडी खाली ओघळलीय आणि ओठ मिटले की तिथे संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. सर्जन म्हणतात स्नायू आणि आतल्या व्रणामुळे. कोणी मुद्दाम बघितलं तरच दिसेल, ठीक आहे, मी त्याचं दुःख करत बसलेली नाही. पण "नाही आवडलं तर काढू" हे वाक्य ऐकून मी जेवढी निर्धास्त झाले होते तेवढं निर्धास्त होण्यासारखं त्यात काही नव्हतं. काढणं हे दुसरं ऑपरेशन आहे, परत भूल, परत टाके, परत सूज आणि परत तो बधिरपणा.

आणि मटेरियल कुठलं ते विचारा हं. सगळी इम्प्लांट सिलिकॉनची नसतात.

जबड्याचा_माणूस

ताईंनी अगदी नेमकं सांगितलं, मी फक्त भर घालतो. सिलिकॉन गुळगुळीत असतं, शरीर त्याच्याभोवती एक पिशवी तयार करतं, त्यामुळे ते तुलनेने सहज निघतं पण सरकायची शक्यताही त्यामुळेच, म्हणून काही जण ते स्क्रूने हाडाला पक्कं करतात. दुसरा प्रकार सच्छिद्र पॉलिइथिलिनचा. त्याच्या छिद्रांत आपल्या पेशी वाढतात आणि ते जागच्या जागी घट्ट बसतं, छान, पण काढायची वेळ आली तर आजूबाजूच्या मांसातून सोडवून काढावं लागतं. म्हणजे जे सरकत नाही ते निघत नाही, असा व्यवहार आहे.

इन्फेक्शनचंही तसंच. हाडाच्या ऑपरेशनला इन्फेक्शन झालं तर औषधं आणि स्वच्छता यावर बऱ्याचदा भागतं कारण हाड जिवंत आहे, त्याला रक्त मिळतं. इम्प्लांटला रक्तपुरवठा नाही, जंतू त्याच्यावर थर करून बसले की अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही आणि बरेचदा ते काढावंच लागतं. शिवाय इम्प्लांटच्या दाबाने खालचं हाड थोडं झिजतं, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, एक्स-रेवरच दिसतं, पण इम्प्लांट जागेपेक्षा वर बसलं असेल तर झीज दातांच्या मुळांकडे जाते.

याचा अर्थ इम्प्लांट वाईट असा घेऊ नका. थोडासाच फरक हवा असेल, दात नीट मिटत असतील तर ते छोटं ऑपरेशन आहे आणि लोक वर्षानुवर्षं समाधानी असतात. उलट हाडही परत मागे नेता येतं, दुसरं ऑपरेशन करून. तेव्हा "हे उलटवता येतं आणि ते नाही" अशी वाटणी करू नका. दोन्ही अर्धवट उलटवता येतात म्हणा फार तर.

फोटोग्राफर_ब

डॉक्टर नाही, पोर्ट्रेट काढतो, तेवढ्यापुरतं बोलतो. फोन हातभर लांब धरून काढलेल्या फोटोवरून चेहऱ्याचं माप ठरवू नका. जवळून काढलं की जे कॅमेऱ्याच्या पुढे आहे ते मोठं येतं, म्हणजे नाक, आणि हनुवटी-कान लहान होऊन मागे जातात. पाच-सहा फुटांवरून, कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीला, मान सरळ, दात मिटलेले, ओठ सैल, असा दुसऱ्या कोणाकडून बाजूचा फोटो काढून घ्या. कदाचित तरीही तेच दिसेल, पण निदान खरं दिसेल.

आणि कॉम्प्युटरवर जे "ऑपरेशननंतर असं दिसेल" दाखवतात ना, तो एडिट केलेला फोटो असतो. मी पण करून देऊ शकतो.

कधीतरी_येते

माझ्या मैत्रिणीने आधी फिलर (इंजेक्शनने कातडीखाली भरतात ते जेल) घेतलं, बघू तर कसं दिसतं म्हणून, आवडलं तर मग ऑपरेशन. असं का नाही करत? सुईचं तर काम आहे, ऑपरेशन नाही काही.

जबड्याचा_माणूस

@कधीतरी_येते कल्पना वाईट नाही, हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते हळूहळू विरघळतं, आणि लवकर काढायचं असेल तर हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन विरघळवताही येतं. फक्त "सुईचं काम" या शब्दांवर जाऊ नका. फिलर चुकून धमनीत गेलं तर त्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो, कातडी पांढरी-निळसर पडते, खूप दुखतं आणि वेळेत उपचार नाही झाले तर तो तुकडा मरतो. तेव्हा जो देतोय तो डॉक्टर हवा आणि ते विरघळवायचं औषध त्याच्या कपाटात हवं. आणि कायमचं फिलर मिळतं, ते चाचणी म्हणून तर मुळीच घेऊ नका.

साईड_प्रोफाइल

भूल देण्याबद्दल कोणी बोललं नाही, ते विचारायचं राहिलं. एक म्हणाले होते लोकल भूल आणि थोडं झोपेचं औषध, दुसरे पूर्ण भूल. आणि मला घोरायची सवय आहे, घरच्यांच्या मते भयंकर. याचा काही संबंध आहे का? उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

जबड्याचा_माणूस

उगाच नाही, बरं झालं लिहिलंत. इम्प्लांट लोकल भूल आणि झोपेच्या औषधावर होतं, हाडाचं बहुधा पूर्ण भुलीत. पण लहान, मागे असलेला जबडा म्हणजे जिभेला मागे जागा कमी, त्यामुळे एकतर भूलतज्ज्ञाला श्वासनळीत नळी घालणं अवघड जाऊ शकतं, आणि दुसरं म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, असू शकतो. असा आजार असेल तर झोपेच्या औषधावर पडून राहणं हे पूर्ण भुलीपेक्षा सुरक्षित असेलच असं नाही. तुम्ही दिवसा पेंगता का, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, हे भूलतज्ज्ञाला ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत सांगा. भूलतज्ज्ञाची आधी भेटच होणार नसेल, तो डायरेक्ट टेबलावर भेटणार असेल, तर ते मला पटत नाही. आणि दात पुढे, जबडा मागे, घोरणं, हे तिन्ही एकत्र असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दातांना तार लावणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवल्याशिवाय हनुवटीला हात लावू नका. कदाचित तुम्हाला लागणारं ऑपरेशन वेगळंच निघेल, मोठंही असेल, आणि ते नको वाटलं तर परत हनुवटीवर येता येतं. उलटं केलं तर प्लेट-स्क्रू मध्ये येतात, सगळंच किचकट होतं.

तंबाखू-सिगारेट असेल तर आधी आणि नंतर मिळून काही आठवडे पूर्ण बंद, जखम भरत नाही त्याने. ॲस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, फिश ऑइल, आयुर्वेदिक काही घेत असाल तर सगळं सांगा. रक्त पातळ करायची गोळी कोणी लिहून दिली असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारून.

परत_मूळपदावर

मी आता कोणाला सल्ला देते तेव्हा पैशांचा प्रश्न विचारायला सांगते, लाज न बाळगता. काही बिघडलं तर दुसरं ऑपरेशन कोण करणार, त्याचे सर्जनचे पैसे लागणार का, आणि हॉस्पिटलचे-भुलीचे वेगळे लागणार का. माझ्या वेळी "सर्जन फी माफ" असं तोंडी सांगितलं होतं आणि ते खरंच माफ केलं, पण बाकीचं सगळं मलाच भरावं लागलं. लेखी घ्या.

अजून एक विचारा, तुम्ही स्वतः अशी किती केलीत आणि त्यात कोणाला त्रास झाला. "आमच्याकडे कधीच काही होत नाही" असं उत्तर आलं तर मी उठून येईन. ज्यांनी मला नंतर नीट केलं त्या सर्जनबाईंनी स्वतःहून त्यांची एक बिघडलेली केस सांगितली होती, आणि मला त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथे.

झोपलेला_ओठ

आणि ऑपरेशनच्या आधी ओठ-हनुवटीची संवेदना तपासून कागदावर लिहून ठेवायला सांगा, कापसाने, टोकदार वस्तूने, दोन्ही बाजू. माझं लिहिलेलं नव्हतं, नंतर "आधी कसं होतं" यावर नुसता अंदाज.

साईड_प्रोफाइल

अपडेट: ऑर्थोडॉन्टिस्टची अपॉइंटमेंट घेतली, ओपीजी आणि बाजूचा एक्स-रे काढायला सांगितलाय. इम्प्लांटवाल्या डॉक्टरांना फोन करून म्हटलं की फॉर्म घरी नेऊन वाचायचाय, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली तो ऑपरेशनच्या सकाळीच देतात. मी म्हटलं मग आत्ता तारीख नको. दुसऱ्यांनी लगेच मेल केला, आणि "इतर" म्हणजे काय विचारल्यावर दोन पानी उत्तर आलं, त्यात तो मेंटॅलिस होता. बघू.

शेवटचा एक प्रश्न सर, हाडाचं केलं तर त्या प्लेट नंतर काढाव्या लागतात का? आणि पुढेमागे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर?

जबड्याचा_माणूस

टायटॅनियमच्या असतात, त्रास दिला नाही तर तशाच ठेवतात. इन्फेक्शन झालं, स्क्रू सैल झाला किंवा हाताला टोचायला लागला तरच काढतात. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही त्यामुळे एमआरआय सहसा करता येतो, फक्त हनुवटीच्या आसपासचं चित्र थोडं बिघडतं, म्हणून करणाऱ्यांना आधी सांगायचं. डिस्चार्जच्या कागदावर प्लेट कुठल्या धातूची, कुठल्या कंपनीची, किती स्क्रू हे लिहून घ्या. इम्प्लांट असेल तर त्याचं स्टिकर.